दोन तटांमधली नाळ

राजगडाच्या संजीवनी माचीवर, चिलखती बुरुजाच्या कडेला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा पोटावर आडवा पडून खाली बघत होता. श्रावण नुकताच संपलेला, तटावरचं गवत कमरेला लागेल एवढं, दगड अजून ओले. खाली दोन तटांच्या मधली नाळ. वरून ती नुसती हिरवट अंधाराची पट्टी दिसते. शेवाळाचा आणि कुजलेल्या पानांचा थंड वास मात्र वरपर्यंत येतो. मुलानं मान न वळवता विचारलं, "बाबा, दोन भिंती बांधण्यापेक्षा एकच जाड का नाही बांधली?" वडील सकाळपासून चालून दमलेले. "डबल सेफ्टी रे," म्हणाले आणि सॅकमध्ये पाण्याची बाटली शोधू लागले. मुलगा गप्प बसला, पण त्याला पटलेलं नाही हे त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं. गडावर येणारे बहुतेक जण 'केवढं हे बांधकाम' म्हणून पुढे सरकतात. या पोरानं गवंड्याचा प्रश्न विचारला होता, आणि गवंड्याच्या प्रश्नाला 'डबल सेफ्टी' हे उत्तर चालत नाही.

हिशेबच मांडायचा तर तटाची एक मीटर लांबी घ्यावी. उंची ६ मीटर आणि जाडी ३ मीटर धरली तर १८ घनमीटर बांधकाम झालं. सह्याद्रीचा काळा पाषाण घनमीटरला पावणेतीन टनांच्या आसपास भरतो. तटाच्या पोटात असते ती खडी आणि माती. तिच्यातली पोकळी वजा केली तरी ४० टन कुठे जात नाहीत, आणि हे फक्त एका मीटरचं झालं. संजीवनी माची अडीच किलोमीटरच्या घरात आहे, तट तिच्या दोन्ही अंगांना. एवढा दगड कोणी खालच्या गावातून वाहून आणत नाही. तो वरच काढायचा असतो. पाथरवट आधी खडकाची नस बघतो. नसेच्या रेघेवर वीतवीतभर अंतरानं छिन्नीनं खाचा पाडायच्या, त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि वर पाणी सोडत राहायचं. लाकूड फुगतं आणि खडक रेघेवर उकलतो. पाचर आधीच ओली असली किंवा खाच उथळ राहिली, तर चीर भलतीकडे धावते आणि कोन उडालेला तो दगड दर्शनी थराला निरुपयोगी ठरून भरणात जातो. दगड निघाला तिथे खड्डा राहतो, त्यालाच आकार दिला की पाण्याचं टाकं. बहुतेक डोंगरी किल्ल्यांवर टाकं आणि तट ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. टाक्याच्या काठावर उभं राहून आतली पोकळी नजरेनं मोजली, तर बाजूच्या तटाचा किती भाग त्यातून निघाला असेल याचा अंदाज बांधता येतो. हा खेळ मला कुठल्याही माहितीफलकापेक्षा जास्त आवडतो.

आता तेच १८ घनमीटर दोन भागांत वाटून बघा. दीड मीटर जाडीचा एक तट बाहेर, दीड मीटरचाच दुसरा आत, मध्ये दीड मीटर मोकळं. दगड पूर्वीइतकाच लागला, पण अडथळ्याची रुंदी ३ मीटरची साडेचार झाली. वाढलेल्या दीड मीटरला जास्तीचा एक दगडही लागलेला नाही. प्रत्यक्षात दोन्ही तटांची जाडी आणि उंची जागोजागी बदलते, डोंगराची धार अरुंद झाली की नाळही आवळते. तरी हिशेबाची जात हीच. मुलाच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर. ते खरं आहे, पण अपुरं आहे. मोकळी जागा फुकट मिळते म्हणून कोणी तिच्या भरवशावर गड उभा करत नाही.

जाड भिंतीचं दुखणं तिच्या पोटात असतं. तट अखंड घडीव दगडाचा क्वचितच असतो. बाहेरून एक दर्शनी थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोटात खडी, गोटे, माती, कुठे चुना. दोन्ही थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून अधूनमधून लांब शेपटीचे दगड आत खोलवर घालतात. हे दगड कमी पडले की दोन्ही थर आपापल्या मर्जीनं वागू लागतात. त्यात आपला पाऊस. वरून मुरलेलं पाणी भरणात उतरतं, माती फुगते, बारीक माती खाली बसते, वर पोकळी राहते, पुढच्या पावसात तिच्यात आणखी पाणी. काही वर्षांनी तटाचं पोट सुटतं. बाजूनं एक डोळा मिटून पाहिलं की फुगवटा स्पष्ट दिसतो: पायापासून पुरुषभर उंचीवर भिंत बाहेर आलेली, तिच्या वरचा भाग किंचित मागे झुकलेला. अशी भिंत तोफेची वाट बघत नाही, एखाद्या आषाढात रात्रीतून बसते. भिंत जितकी जाड तितकं पोट मोठं, आणि पोट मोठं तितकं पाणी जास्त.

डोंगरी किल्ल्यांच्या तटाबद्दल आणखी एक गोष्ट फोटोत कळत नाही. बाहेरून २५-३० फूट दिसणारा तट आतून जेमतेम छातीइतका असतो. आतली बाजू जमिनीनं भरलेली असते. म्हणजे हा तट शत्रूला बाहेर ठेवण्याआधी डोंगराची माती आत धरून ठेवण्याचं काम करत असतो. वर्षाचे चार महिने त्याच्यावरचा खरा हल्ला आतून होतो, पाण्याचा. म्हणून पायाशी आणि मधल्या थरांत पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. हौशी लोक त्यांनाच जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या फटी, समजतात आणि 'इथून बसून गोळ्या मारत' असं मुलांना सांगतात. गुडघ्याच्याही खाली असलेल्या भोकातून कोण नेम धरणार? उतारावर दुहेरी तट असला की आतल्या तटाचं पाणी नाळेत पडतं आणि नाळेतून बाहेर जातं. युद्ध नसतं तेव्हा नाळ गटाराचं काम करते. हे वाक्य गडप्रेमींना आवडणार नाही, पण गड शेकडो पावसाळे उभा राहिला त्यात या गटाराचा वाटा मोठा आहे.

जंगीकडे आलोच आहोत तर तिथे जरा थांबू, कारण जाड भिंतीचं सगळ्यात मोठं व्यंग तिथेच उघडं पडतं. तटाच्या माथ्यावर चालायची वाट असते ती फांजी. फांजीच्या बाहेरच्या कडेला कठडा, कठड्यावर चर्या, म्हणजे आडोशाचे दगडी कंगोरे, आणि कठड्यात आरपार काढलेल्या जंग्या. जंगी आतून रुंद, बाहेरून अरुंद. आतल्या माणसाला बंदूक डावी-उजवीकडे फिरवता यावी आणि बाहेरच्याला वीतभर फटीपलीकडे काही दिसू नये. काही ठिकाणी उभं राहायच्या एकाच जागेतून तीन जंग्या फुटतात: एक समोर, दोन तिरप्या. तटाच्या पायाशी आलेल्याला टिपायचं तर जंगी खाली झुकवावी लागते आणि इथे भूमिती आडवी येते. कठडा १ मीटर जाड असेल आणि जंगी ४५ अंशांत झुकवायची असेल, तर तिचं आतलं तोंड बाहेरच्या तोंडापेक्षा १ मीटर उंच येतं. ते जमतं, माणूस उभा राहून खाली नेम धरतो. कठडा ३ मीटर जाड केला तर आतलं तोंड ३ मीटर वर जातं. मग बंदूकवाल्याला शिडी द्या, किंवा जंगी कमी झुकवा आणि पायाशी आलेला शत्रू विसरा. जाडी वाढवली की भिंत आंधळी होते.

आणि पातळ कठड्यातूनही सगळं दिसतंच असं नाही. ६ मीटर उंचीवरच्या, ४५ अंशांत झुकलेल्या जंगीतून सुटलेली गोळी तटापासून सुमारे ६ मीटरवर जमिनीला लागते. त्या ६ मीटरच्या आत जो पोचला, तो निदान त्या जंगीपुरता सुरक्षित. पहार, कुदळ, शिडी, दारूचा बुधला घेऊन तो तिथे बसून निवांत काम करू शकतो. कठड्यावरून वाकून बघावं, तर दुरून झाडणारे त्याचीच वाट बघत असतात.

हा आंधळा पट्टा झाकायला बुरूज.

बुरूज तटाच्या बाहेर झेपावलेला असतो तो दिमाखासाठी नव्हे. बुरुजावरचा माणूस मान वळवून आपल्याच तटाच्या पायाकडे, तटाला समांतर, बगलेचा मारा करतो. त्यामुळे सपाटीवर दोन बुरुजांमधलं अंतर मनाला येईल तसं ठरत नाही, हत्याराच्या पल्ल्यावर ठरतं. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं झाडायच्या, बंदुकीचा भरवशाचा पल्ला ८० ते १०० मीटर, आणि एकदा झाडली की पुन्हा भरायला अर्ध्या मिनिटाच्या वर. म्हणून एका बुरुजाचा मारा दुसऱ्याच्या माऱ्यात मिसळलेला हवा. गोल बुरूज आपल्याकडे लाडका, त्याला कारणं आहेत. गोळा तिरपा लागून घसरतो, आणि उडवायला कोपरा नसतो. पण त्याचा एक दोष आहे. दोन्ही शेजारचे बुरूज कितीही दक्ष असले, तरी गोल बुरुजाच्या नाकासमोरचा एक त्रिकोणी तुकडा त्यांपैकी कोणालाच दिसत नाही. डोंगरावर हे खपून जातं, कारण त्या तुकड्याच्या जागी कडा असतो. सपाटीवर खपत नाही.

१६६० साली चाकणला काय झालं ते सर्वांना पाठ आहे. फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेला पन्नासहून अधिक दिवस तटाबाहेर तंगवलं. तट, बुरूज, खंदक, सगळं जागेवर होतं. शेवटी भुयार खणून सुरुंगानं कोपऱ्याचा बुरूज उडवला गेला. भुयाराला जाडीची फिकीर नसते. तो बुरूज दुप्पट जाड असता तर दारू थोडी जास्त लागली असती, एवढंच. वसईकरांनी, म्हणजे तिथल्या पोर्तुगीजांनी, गोल बुरुजाचा दोष ओळखून टोकदार, बाणाच्या फाळासारखे बुरूज बांधले होते. अशा बुरुजाच्या दोन्ही तिरप्या बाजू शेजारच्या बुरुजावरून पायापर्यंत स्वच्छ दिसतात, नाकासमोरचा तुकडा उरतच नाही. कागदावर निर्दोष रचना. तरी १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या लोकांनी सान सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग घातले आणि खिंडार पाडलंच. त्यातले काही सुरुंग उशिरा उडाले आणि खिंडाराकडे धावलेली आपलीच माणसं त्यांत गेली. विजयाच्या वर्णनात ही ओळ लवकर उरकली जाते. सुरुंगाची वात किती लांब ठेवायची, ती भुयारातल्या दमट हवेत किती वेगानं जळेल, शेजारचा सुरुंग उडाल्यावर मातीखाली दबेल का, याचा अंदाज चुकला की काय होतं, ते त्या ओळीत आहे.

दरवाजाचंही असंच. दरवाजा म्हणजे तटाला आपण होऊन पाडलेलं भोक, आणि सगळी कारागिरी ते भोक लपवण्यात. रायगडाचा महादरवाजा खालून येताना दिसत नाही. दोन अजस्र बुरूज एकमेकांना खेटून उभे असल्यासारखे वाटतात आणि त्यांच्या मधून वाट वळते तेव्हा एकदम समोर कमान येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात यासाठी फार नेमका शब्द आहे: येण्याजाण्याची वाट बुरुजाच्या 'आहारी' पडेल असा दरवाजा बांधावा. वाट बुरुजाच्या तोंडात जाते आणि येणारा त्याचा घास होतो. वळणामुळे ओंडका घेऊन धावत यायला जागा उरत नाही. भुईकोटात हत्तीलाही धाव मिळत नाही, वर दारावर सुळे असतात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे ७२ सुळे आज फोटोपुरते उरले, पण त्यांची उंची बघितली की ते माणसासाठी नाहीत हे लगेच कळतं. दाराच्या आत दोन्ही भिंतींत चौकोनी भोकं दिसतात. एका बाजूचं हातभर खोल, दुसऱ्या बाजूचं दाराच्या रुंदीइतकं खोल. खोल भोकात अडसर सरकवून ठेवायचा; दार लोटलं की तो ओढून समोरच्या उथळ भोकात बसवायचा. हल्ली त्या खोल भोकात हात घातला की वेफर्सची पाकिटं निघतात. आज्ञापत्र किल्ल्याला एकच दरवाजा असणं हा मोठा 'ऐब', म्हणजे दोष, मानतं. दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या, म्हणजे लपवलेली लहान दारं, करून ठेवाव्या, रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्या उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्या असं सांगतं. चिणलेली दिंडी म्हणजे भिंतीत राखून ठेवलेली फट. गरज पडेल तेव्हा पहारीचे चार घाव पुरेत.

इतकं सगळं बघून पुन्हा नाळेकडे आलं की ती वेगळी दिसू लागते. समजा शत्रूनं बाहेरचा तट फोडला किंवा शिड्या लावून ओलांडला. सपाटीवर असता तर तो आत घुसला असता, पांगला असता, मागून आणखी माणसं आली असती. इथे तो दोन-तीन पुरुष खोल खाचेत उतरतो. खाचेत शेजारी दोघांना धड उभं राहता येत नाही. शिडी आत घ्यावी तर ती वळत नाही. ढाल वर धरावी तर तलवार फिरवायला हात उरत नाही. दोर फेकायला मागे सरकावं तर पाठ लगेच बाहेरच्या तटाला टेकते. आणि आतल्या तटावर, बरोबर डोक्यावर, ताजी माणसं: बंदुका, दगड, दारू भरलेले हुक्के. मोकळ्या मैदानात फुटलेला हुक्का दोघा-चौघांना जखमी करतो, अशा खाचेत त्याचा सगळा भडका दोन्ही भिंतींवर आपटून माणसांवरच परततो. जाड भिंतीत पडलेलं खिंडार ही गडात शिरायची वाट होते. दुहेरी तटातलं खिंडार जेमतेम नाळेपर्यंत पोचवतं.

वेल्समधला बोमॅरिसचा किल्ला १२९५ मध्ये बांधायला घेतला, त्यातही हीच युक्ती: बाहेरचा कोट बुटका, आतला उंच, म्हणजे आतल्यांना बाहेरच्यांच्या डोक्यावरून मारा करता यावा. पैसे संपले आणि बुरूज ठरलेल्या उंचीपर्यंत कधी गेलेच नाहीत.

पण या रचनेत एक गोष्ट आहे जी मला अस्वस्थ करते, आणि ती कुठल्याच आराखड्यात दिसत नाही. बाहेरच्या तटावरही माणसं उभी असतात. आपली माणसं. बाहेरचा तट जातोय असं दिसलं की त्यांनी आत यायचं कसं? वाट एकच, आतल्या तटातली अरुंद दिंडी, शत्रूला अडवणारी तीच. एका वेळी एक माणूस वाकून आत येणार. पाठीवर शत्रू असताना वीस जणांनी रांगेत यायचं, आणि आतल्या कोणीतरी ठरवायचं की आता बस, दार लावा. सतरावा आला, अठरावा राहिला. गड राखायचा तर कोणाला तरी ते ठरवावंच लागणार, आणि बांधणाऱ्यानं दिंडीची रुंदी ठरवली तेव्हाच निम्मं ठरून गेलं.

कॉन्स्टँटिनोपलला हे सगळं मोठ्या मापात घडलं. तिथला जमिनीकडचा कोट पाचव्या शतकातला: आतला तट सुमारे १२ मीटर उंच आणि ५ मीटर जाड, बाहेरचा त्याहून बुटका आणि पातळ, मध्ये १५-२० मीटर रुंद मोकळी पट्टी, आणि सगळ्याच्या पुढे खंदक. १४५३ मध्ये माणसं कमी पडली. दोन्ही तट लढवणं शक्य नव्हतं, तेव्हा बचाव करणाऱ्यांनी बाहेरचा तट निवडला आणि मागच्या, आतल्या तटाचे दरवाजे कुलूपबंद केले. पळून जायची वाट बंद, म्हणजे माणूस लढेल. ५० हून अधिक दिवस ते खरोखर लढले. २९ मेच्या पहाटे त्यांचा जिनोव्हाचा सेनानी जुस्तिनियानी जखमी झाला. त्यानं मागे नेण्याचा हट्ट धरला, त्याला न्यायला आतल्या तटाचं एक दार उघडलं गेलं. दार उघडलेलं पाहून बाकीच्यांनी अर्थ काढायचा तो काढला. सगळे त्या दाराकडे धावले, दोन तटांच्या मधल्या पट्टीत चेंगराचेंगरी झाली आणि वरून तुर्कांनी त्यांना टिपलं. शत्रूसाठी राखलेल्या मोकळ्या जागेत बचाव करणारेच सापडले. तोफांनी बाहेरचा तट जागोजागी ढासळवला होता हे खरं, पण रोज रात्री लाकूड, माती, पिंपं रचून तो पुन्हा उभा राहत होता. उघडलेल्या दाराला तसं डागडुजीचं काही साधन नव्हतं.

आपल्याकडे रायगडाच्या तटाचीही अखेरीस परीक्षा झालीच नाही. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गोळे टाकले. ते तटाला लागलेच नाहीत, तटावरून आत गेले. वाडे पेटले, आग पसरली, १० मेला गड गेला. महादरवाज्याचा 'आहार' रिकामाच राहिला. गडाशेजारी दुसरा डोंगर नसावा, असेल तर सुरुंगानं फोडून कमी करावा, तेही न जमलं तर बांधून घ्यावा, हे शंभर वर्षं आधी आज्ञापत्रात लिहून ठेवलेलं. पुरंदरानं तर १६६५ मध्येच ते भोगलं होतं: आधी शेजारचा वज्रगड पडला, मग पुरंदर तिथून माऱ्यात आला. खुद्द राजगडही १७०४ च्या फेब्रुवारीत औरंगजेबाच्या फौजेकडे गेला, काही काळ नबीशाहगड झाला. दुहेरी तटाला अभेद्य म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. तट वेळ विकत देतो. धान्य, दारू, बाहेरून येणारी कुमक यांचा हिशेब त्या वेळेत बसला तर ठीक.

आता वेढा फक्त पावसाचा आणि आमचा. नाळेत उतरलं की आधी पायाखाली मऊ लागतं. पानांचा, मातीचा, पडलेल्या दगडांचा थर असतो तो. तो वाढत जातो तशी पाणी बाहेर काढणारी भोकं बुजतात आणि नाळेचं गटार तुंबून तिची टाकी होते. दोन्ही तटांचे पाय पाण्यात उभे. दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, उंबर, पिंपळ डोकं काढतात. रोप बोटभर असतानाच उपटलं तर मुळासकट येतं. मनगटाएवढं झाल्यावर ओढलं तर सोबत चार दगड घेऊन येतं. मग ते कापून, खुंट मारून टाकावा लागतो, आणि मूळ कुजल्यावर राहिलेली पोकळी भरावी लागते; ती तशीच सोडली तर पाण्याला तयार पन्हळ मिळते. आज्ञापत्रात तटावरची झाडी वेळच्या वेळी काढायला सांगितली आहे आणि गडाच्या घेऱ्यातली झाडी मात्र जपायला, तिची एक काठीही तोडू द्यायची नाही. हल्ली नेमकं उलट चालतं. खालची झाडी वाटेच्या रुंदीकरणात जाते, तटावरचा पिंपळ देवाचा म्हणून राहतो.

डागडुजी झाली तरी ती कशानं झाली ते बघावं. सिमेंटनं भरलेल्या दरजा चकचकीत दिसतात, उद्घाटनाच्या फोटोत उठून येतात. पण सिमेंट पाण्याला बाहेर पडू देत नाही. वरून मुरलेलं पाणी पोटातच अडकतं आणि आतल्या आत फुगवटा धरतो. चुन्याची दरज श्वास घेते. भिंत हलली तर किंचित हलते, पाणी जिरपू देते, आणि झिजायचं झालं तर दगडाआधी स्वतः झिजते. पण चुना कष्टाचा. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, काही आठवडे मुरू द्यायचा, गाळून घ्यायचा, मग वाळू आणि सुरखीबरोबर, म्हणजे विटांच्या पुडीबरोबर, घाण्यात मळायचा, साधारण एकास दोन. गूळ आणि हिरड्याचं आंबवलेलं पाणी घालायचं. गडागडावर चुन्याच्या घाण्याचं गोल चर आणि दगडी चाक पडलेलं दिसतं, ते याचसाठी. भरलेली दरज दिवसातून दोन-तीनदा ओली ठेवायची, ऊन लागू द्यायचं नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर काम काढायचं नाही. कोवळा चुना पहिल्याच सरीत धुऊन जातो, भिंतीवर पांढरे ओघळ उरतात. निधी मार्चअखेर संपवायचा असतो, म्हणून काम बहुतेक वेळा घाईतच उरकलं जातं. बुरूज नव्यानं रचताना पडलेले दगड नाळेतूनच काढावे लागतात. प्रत्येकावर खूण करून, कुठला कुठल्या थराचा ते जुळवत. तिथला चिंचोळेपणा तेव्हा कामगारांना कळतो. पाच-सहा जण रांगेत उभे राहून दगड हातोहात पुढे देतात. परांची बांधायला जागा नसते, म्हणून वासे दोन्ही तटांत आडवे ठोकतात.

त्या दिवशी वडिलांची बाटली सापडली, पाणी पिऊन झालं, तेवढ्यात मुलगा जागेवर नव्हता. बाजूच्या दिंडीतून वाकून, ओल्या पायऱ्या उतरून तो नाळेत पोचला होता. आधी त्याच्या चपलांचा चिखलात पचपच आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. वडील कडेला येऊन वाकले. खालून दबका, घुमणारा आवाज आला, "बाबा, इथून काहीच दिसत नाही. फक्त तुम्ही."

"तू मला अख्खा दिसतोयस," वडील म्हणाले. "वर ये आता."

तो लगेच आला नाही. खाली उभा राहून आधी एका भिंतीला, मग दुसऱ्या भिंतीला हात लावून बघत राहिला.